हात लागणं आणि बटण दाबणं

लिफ्टच्या काळ्या चकचकीत टच पॅनेलवरून ओलं फडकं एकदा फिरलं की तळमजल्यापासून वरपर्यंतचे सगळे आकडे उजळतात. सफाई करणाऱ्या मावशी बादली उचलून निघून जातात आणि त्यांच्यामागून आत शिरलेला माणूस प्रत्येक मजल्यावर उघडणाऱ्या दाराकडे बघत उभा राहतो. वेग कमी होणं, दार उघडणं, जरा थांबणं, दार मिटणं, पुन्हा वेग घेणं, या सगळ्यात एका फुकटच्या थांब्याला साधारण दहा सेकंद जातात. बारा मजले फुकट लागले तर दोन मिनिटं. एवढ्याने कुणाचं काही बिघडत नाही, म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय हसण्यावारी जातो. पण हीच तक्रार दृष्टिहीन प्रवाशाकडून ऐकली किंवा अग्निशमनाच्या इतिहासात वाचली की हसू येत नाही.

यावर उपाय पुष्कळ आहेत. काही सर्किटमधले, काही काचेतले, काही लिफ्टच्या कंट्रोलरमधले. माझं मत आधीच सांगतो. चुकून लागलेला हात ओळखायला पॅनेलमध्ये जी हुशारी भरली जाते, तिच्यातली निम्मीअधिक, बटणाने पुन्हा थोडा दाब मागायला सुरुवात केली तर लागणारच नाही.

टच पॅनेल आलं कशाला, हे मात्र प्रामाणिकपणे पाहायला हवं, कारण ते नुसत्या दिखाऊपणापायी आलेलं नाही. दाबायच्या बटणात स्प्रिंग असते, संपर्काची पत्री असते, बटण आणि पट्टी यांच्यामध्ये फट असते. त्या फटीत धूळ जाते, साबणाचं पाणी जातं, पान-गुटख्याची पिचकारीही जाते. किल्लीच्या टोकाने टोचून आणि लायटरने जाळून विद्रूप केलेली बटणं मुंबईतल्या बहुतेक जुन्या इमारतींत दिसतील. एखादं बटण आत अडकून बसलं की लिफ्ट त्याच मजल्यावर जात राहते. काचेच्या किंवा अॅक्रिलिकच्या सलग पट्टीत यातलं काहीच होत नाही. हलणारा भाग नाही, झीज नाही, आणि वीस बटणांच्या वीस स्विचांऐवजी मागे एकच सर्किट बोर्ड. संधिवाताने बोटं आखडलेल्या माणसालाही जोर न लावता चालणारं बटण सोयीचं वाटतं. हे फायदे खरे आहेत.

आता ते चालतं कसं ते पाहू. काचेमागे प्रत्येक आकड्याखाली तांब्याचा एक लहानसा पट्टा असतो. त्याची विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, सर्किट सेकंदाला अनेकदा मोजत राहतं. आपलं शरीर बरंचसं खारं पाणी आहे, वीजवाहक आहे. बोट जवळ आलं की त्या पट्ट्याची धारिता किंचित वाढते. ही वाढ साधारण एका पिकोफॅरडच्या आसपास, जाड काचेतून त्याहूनही कमी. एक पिकोफॅरड म्हणजे फॅरडचा एक लाख कोटीवा भाग. एवढासा फरक टिपायचा, तोही जिच्या मोटरला वेग बदलणारा ड्राइव्ह विजेची खळबळ पुरवतो आहे अशा लिफ्टमध्ये. युरोपात लिफ्टच्या विद्युतचुंबकीय उपद्रवासाठी ईएन १२०१५ आणि ईएन १२०१६ अशी दोन स्वतंत्र मानकं आहेत, ती उगाच नाहीत.

यातली मेख अशी की सर्किटला बोट दिसत नाही, फक्त धारितेतली वाढ दिसते. ती बोटाने झाली, तळव्याने झाली, पातळ सदऱ्याआडच्या पाठीने झाली की ओल्या फडक्याने, हे त्याला कळत नाही. पाण्याचा विद्युत अपारकांक, म्हणजे धारिता वाढवण्याची ताकद, ८० च्या आसपास, काचेचा पाच ते दहा, हवेचा एक. पाणी म्हणजे या यंत्राच्या दृष्टीने जवळजवळ बोटच. त्यात पाण्याचा ओघळ पॅनेलच्या स्टीलच्या चौकटीला टेकला की तो अर्थिंगशी जोडला जातो आणि हुबेहूब स्पर्शासारखा वागतो. पावसाळ्यात छत्री मिटत आत शिरणारी माणसं, रेनकोटच्या टपकणाऱ्या बाह्या आणि कोकण किनाऱ्यावरची दमट हवा या सगळ्यांना हे पॅनेल रोज तोंड देत असतं.

स्पर्शावर चालणारं लिफ्टचं बटण ही आजकालची गोष्ट नाही. ओटिस कंपनीची इलेक्ट्रॉनिक टच बटणं अमेरिकेत १९५० च्या दशकातच प्रचारात होती. आत वायू भरलेली छोटी नळी असायची. बोट लावलं की ती पेटायची आणि तिच्याच उजेडाने बटण उजळायचं. एकही भाग हलत नसे. त्या काळी ही चैनीची गोष्ट होती आणि उंच कार्यालयीन इमारतींत ती मिरवली जात असे.

मग ५ ऑगस्ट १९७० रोजी न्यूयॉर्कच्या वन न्यूयॉर्क प्लाझा या ५० मजली इमारतीला आग लागली. इमारत तेव्हा नुकतीच पुरी होत होती. दोन माणसं मेली, तीसहून अधिक जखमी झाली. मेलेले दोघे लिफ्टमध्ये होते आणि लिफ्ट आगीच्या मजल्यावर जाऊन उघडली होती. स्पर्शावर किंवा उष्णतेवर चालणारी बटणं आगीत स्वतःच कॉल देतात, हा धडा सांगताना अग्निशमनावरच्या लिखाणात ही आग वारंवार उदाहरण म्हणून येते. धूर, झळ, होजपाइपचं पाणी, यातलं काहीही त्या बटणाला बोट वाटू शकतं. म्हणजे लिफ्ट जिथे अजिबात जायला नको, नेमक्या तिथूनच तिला बोलावणं येतं. न्यूयॉर्क शहराने १९७३ मध्ये उंच इमारतींसाठी लोकल लॉ ५ केला. त्याच सुमारास अमेरिकेच्या लिफ्ट संहितेत आगीच्या वेळी लिफ्ट तळमजल्यावर परत बोलावण्याची आणि मग तिचा ताबा फक्त अग्निशमन जवानांकडे देण्याची तरतूद आली. आगीच्या वेळी मजल्यांवरच्या बटणांचं म्हणणं कंट्रोलरने ऐकायचंच नाही, हा आजचा नियम त्या काळातून आला. चुकीच्या स्पर्शावरचा मला माहीत असलेला सगळ्यात मूलगामी उपाय तोच आहे. स्पर्श खरा की खोटा हे ठरवत बसायचं नाही, बटणाचा अधिकारच काढून घ्यायचा.

रोजच्या वापरात तसं करता येत नाही. तिथे खरा-खोटा निवाडा करावाच लागतो, आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी गेल्या तीस-चाळीस वर्षांत त्यासाठी बऱ्याच युक्त्या शोधल्या आहेत. सगळ्यात सोपी युक्ती उंबरठ्याची. वाढ ठरावीक मापाच्या वर गेली तरच स्पर्श मानायचा, आणि सोडल्याचं मात्र त्याहून खालच्या मापाला मानायचं, म्हणजे काठावरचा संकेत फडफडत नाही. हवेतला दमटपणा आणि तापमान बदललं की मूळ माप सरकतं, म्हणून सर्किट आपली शून्यरेषा हळूहळू स्वतःच जुळवून घेतं. दुसरी युक्ती शेजाऱ्याला गप्प बसवण्याची. जाड बोट सातवा आणि आठवा अशा दोन्ही आकड्यांवर पडलं तर ज्याचा संकेत जास्त जोरकस तोच ग्राह्य धरायचा. टच चिप बनवणाऱ्यांकडे हे तयार मिळतं.

तिसरी युक्ती मला सगळ्यात शहाणी वाटते, आणि स्वस्त पॅनेलांत नेमकी तीच गाळलेली असते. एकाच क्षणी तीन-चार किंवा अधिक बटणांवर संकेत आला तर तो माणसाचा हेतू असूच शकत नाही, म्हणून सगळेच नाकारायचे. पाठ टेकली, तळवा पडला, फडकं फिरलं, सगळं एका नियमात बसतं. याचंच पुढचं रूप म्हणजे बटणांभोवती एक जादा पट्टा फिरवणं. बोटाचं टोक फक्त बटणावर पडतं, पाठ किंवा पाण्याचा पडदा त्या भोवतालच्या पट्ट्यावरही पडतो, आणि पट्टा जागा झाला की बटणांना कुलूप. फडकं मात्र इथेही थोडं चकवतं. ते एकेका आकड्यावरून सावकाश फिरलं तर एका वेळी एकच बटण झाकलं जातं. त्याला सरळ उपाय म्हणजे सफाईच्या वेळी फिरवायची किल्ली. बहुतेक लिफ्टमध्ये अटेंडंटची किंवा स्वतंत्र वापराची किल्ली असतेच. ती वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगलेली असते आणि सफाईवाल्यांना तिचा पत्ता कुणी सांगितलेला नसतो.

चौथी युक्ती वेळेची. बोट ठरावीक वेळ टेकून राहिलं तरच कॉल नोंदवायचा. ओझरता धक्का अशाने गाळला जातो. पण हा काळ वाढवत नेला की अर्ध्या सेकंदापाशी माणसांचा संयम संपतो. बटण दिवा लावत नाही म्हणून माणूस पुन्हा टिचकी मारतो, मग पुन्हा. ज्या लिफ्टमध्ये त्याच बटणावर दोनदा टिचकी मारली की कॉल रद्द होतो, तिथे हा अधीर माणूस आपलाच मजला लावतो आणि पुसतो. दोन चांगल्या सोयी एकमेकींच्या मुळावर येतात, आणि पॅनेल व कंट्रोलर वेगवेगळ्या कंपन्यांचे असले की हे जोडून पाहणारं कुणीच नसतं.

काच सपाटच ठेवायची असं कुठे लिहिलेलं नाही. प्रत्येक आकड्याभोवती उठावदार कडं दिलं किंवा आकडा थोडा खोलगट केला तर खांदा, दप्तर, पाठ कडेवरच अडते. पॅनेलची जागाही महत्त्वाची. दाराला चिकटून असलेल्या पॅनेलवर आत-बाहेर करणाऱ्यांचे खांदे घासतात, बाजूच्या भिंतीवर मधोमध असलेल्यावर गर्दीतल्या पाठी टेकतात. युरोपच्या ईएन ८१-७० या सुगम्यता मानकात बटणं कोपऱ्यापासून किमान ४०० मिलिमीटर दूर ठेवायला सांगितली आहेत. व्हीलचेअरवरच्या माणसाचा हात तिथवर पोचावा हा त्यामागचा हेतू. कठडा बटणांच्या आड येत असेल तिथे तो तोडायलाही सांगितलं आहे. आपल्याकडे स्टीलचा कठडा सरसकट तिन्ही भिंतींवर फिरवतात, आणि कठड्याला रेललेल्या माणसाचं कोपर नेमकं खालच्या मजल्यांवर पडतं.

आता मूळ मुद्दा. डोळस माणूस आकडा नजरेने शोधतो आणि बोटाने दाबतो. दृष्टिहीन माणसाचं शोधणंही बोटानेच होतं. ब्रेलचे ठिपके किंवा उठावदार आकडे चाचपत तो पाचव्यापासून नवव्यापर्यंत जातो, तेव्हा टच पॅनेलच्या हिशेबी त्याने पाच मजले लावलेले असतात. इथे वरच्या चारही युक्त्या कुचकामी आहेत. संकेत एका वेळी एकाच बटणावर आहे, बोट टेकून राहिलेलं आहे, पाणी नाही, पाठ नाही. सर्किटच्या दृष्टीने हा अगदी निर्दोष, हेतुपूर्वक केलेला स्पर्श आहे. वरून काचेखालच्या टच पॅनेलवर ब्रेलची पारदर्शक पट्टी थेट बटणावरच चिकटवण्याची पद्धत आहे, म्हणजे वाचलं की लागलंच. सुगम्यतेची खूण म्हणून केलेली ही गोष्ट वापरायला अशक्य असते. अमेरिकेच्या एडीए या अपंगत्वविषयक कायद्याच्या मानकात ब्रेल आणि उठावदार आकडे बटणाच्या डाव्या बाजूला, बटणापासून वेगळे द्यायला सांगितले आहेत. तेवढं केलं तरी वाचणं आणि लावणं यांची जागा वेगळी होते.

मोबाइलवर हा प्रश्न सुटलेला आहे. २००९ मध्ये आयफोन ३जीएसवर व्हॉइसओव्हर आलं. त्यात बोट फिरवलं की फोन नाव वाचून दाखवतो, आणि दोनदा टिचकी मारल्यावरच ती गोष्ट उघडते. लिफ्टमध्येही हे करता येईल, काही ठिकाणी बोलणारी पॅनेलं आहेतही. पण फोन माझा असतो, त्याच्या सवयी मी एकदा शिकतो. लिफ्ट दर इमारतीत वेगळी. डॉक्टरांच्या दवाखान्यात पहिल्यांदा गेलेल्या माणसाने दार मिटण्याआधी त्या पॅनेलची रीत शिकून घ्यावी, ही अपेक्षा चुकीची आहे.

मानकं लिहिणाऱ्यांनी हे ओळखलं होतं. ईएन ८१-७० मध्ये बटण चालवायला लागणारा जोर २.५ ते ५ न्यूटन असावा असं म्हटलं आहे. अडीच न्यूटन म्हणजे साधारण पाव किलो वजनाचा भार. जोराला वरची मर्यादा सगळेच घालतात, कारण अशक्त हाताला जड बटण चालत नाही. अमेरिकेच्या एडीएमध्येही हाताने चालवायच्या भागांसाठी कमाल ५ पौंडांची मर्यादा आहे, पण किमान जोर सांगितलेला नाही. युरोपच्या मानकात खालची मर्यादा आहे, आणि सगळी गंमत त्या खालच्या आकड्यात आहे. शून्य जोराने चालणारं बटण त्यात बसतच नाही. पाव किलोपेक्षा कमी भाराने बोट फिरवत वाचा, मजला सापडला की दाबा. शिवाय बटण चालल्याचं बोटाला जाणवलं पाहिजे, दोन बटणांच्या कार्यक्षम भागांत किमान १० मिलिमीटर अंतर हवं, आणि बाहेर पडायच्या मजल्याचं बटण इतरांपेक्षा सुमारे ५ मिलिमीटर पुढे आलेलं हवं, अशाही अटी आहेत. ओल्या फडक्याचा प्रश्न सोडवायला हे मानक लिहिलेलं नव्हतं, पण तोही त्यात आपोआप सुटतो.

उलट्या बाजूची तक्रारही नोंदवायला हवी. टच पॅनेल जसं नको तेव्हा चालतं, तसं हवं तेव्हा चालत नाही. हातमोजे, बँडेज, कृत्रिम हात, कष्टाने राठ आणि कोरडी झालेली बोटं त्याला दिसत नाहीत. २०२० मध्ये सोसायट्यांनी लिफ्टमध्ये थर्मोकोलच्या तुकड्यात टोचलेल्या टूथपिक ठेवल्या तेव्हा टच पॅनेलवाल्या इमारतींत त्या निरुपयोगी ठरल्या. कोरडं लाकूड वीज वाहत नाही. काहींनी पॅनेलवर प्लास्टिकचा कागद चिकटवला. कागद पातळ असेल तर पॅनेल चालतं, पण आत हवेचे फुगे आणि सॅनिटायझरचे ओघळ साचले की उंबरठ्याचा सगळा हिशेब चुकतो. त्याच काळात बोट टेकवण्याचीही गरज नसलेली, इन्फ्रारेडवर चालणारी बटणं विकली गेली. संसर्गाची भीती समजण्यासारखी होती. पण जिथे हात लागण्याचीही अट उरली नाही तिथे चुकून लागण्याला आळा कसा घालणार? नुसता हात हलवत बोलणाऱ्याचेही मजले लागतात.

कंट्रोलरच्या पातळीवरचे उपाय जुने आहेत आणि टचच्या आधीचे आहेत, कारण सगळी बटणं दाबून पळणारी पोरं टचच्या आधीही होती. लिफ्टच्या तळाशी वजन मोजणारी यंत्रणा असते. आत एकाच माणसाचं वजन आणि कॉल दहा मजल्यांचे, असं दिसलं तर कंट्रोलर सगळे कॉल पुसतो. मित्सुबिशीच्या लिफ्टमध्ये ही सोय आहे, आणि चुकीचं बटण पटकन दोनदा दाबून रद्द करायचीही. जपानी लिफ्टमध्ये हे दुसरं इतकं रुळलेलं आहे की तिथले लोक ते गृहीत धरतात. आपल्याकडे अनेक लिफ्टमध्ये ही सोय असते पण चालू केलेली नसते, किंवा चालू असते आणि रहिवाशांना ठाऊक नसते. एएमसीवाल्याला, म्हणजे देखभालीचं वार्षिक कंत्राट असलेल्याला, विचारलं तर तो पाच मिनिटांत करून देतो. वजनाची युक्ती मात्र गर्दीत फसते. दहा माणसं आत असताना एकाच्या पाठीने चार मजले लागले तर वजन आणि कॉल यांचा मेळ व्यवस्थित बसतो.

धोक्याच्या घंटेचं बटण या सगळ्यातून वगळलंच पाहिजे. ते काचेखाली, इतर आकड्यांच्या रांगेत, त्याच स्पर्शावर चालणारं असलं की दिवसातून चारदा उगाच वाजतं, आणि आठवड्याभरात वॉचमन त्याच्याकडे लक्ष देणं सोडतो. मग कुणी खरोखर अडकलं तर? युरोपच्या ईएन ८१-२८ मध्ये खोट्या हाका गाळण्याची तरतूद आहे. लिफ्ट मजल्यावर उभी असून दार उघडं असेल तर घंटा पुढे पाठवायची नाही, कारण माणूस अडकलेला असूच शकत नाही. तरीही माझ्या मते ते बटण वेगळं, पिवळं, दाबायचं आणि खरं असावं. तिथे सलग काचेचा हट्ट धरणारा वास्तुविशारद भेटला तर त्याचं ऐकू नये.

कार्यालयीन इमारतींत वेगळाच रस्ता निघाला आहे. मजला लिफ्टच्या बाहेर, लॉबीतच सांगायचा, यंत्र लिफ्ट नेमून देतं आणि आत आकड्यांची बटणंच नसतात. सिडनीच्या लिओ पोर्ट यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली. तेव्हा ती अंमलात आणण्याजोगी संगणनशक्ती नव्हती. शिंडलरने १९९२ मध्ये मिकॉनिक १० या नावाने ती बाजारात आणली. आतलं बटणच गेलं म्हणजे आतली चुकून लागलेली पाठही गेली. पण लॉबीतलं पॅनेल बहुधा टचस्क्रीनच असतं, आणि तिथे चुकून नोंदलेला एक मजला म्हणजे एका भुताटकीच्या प्रवाशासाठी राखून ठेवलेली जागा. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या टॉवरला हे शोभतं. सात मजली सोसायटीला नाही.

इतर क्षेत्रांत वारं उलटं वाहू लागलं आहे. २०१७ मध्ये अमेरिकन नौदलाच्या जॉन एस. मॅक्केन या विनाशिकेची सिंगापूरजवळ टक्कर होऊन दहा खलाशी मेले. सुकाणू आणि वेगाचे टचस्क्रीन नियंत्रण हा चौकशीतला एक ठळक मुद्दा होता, आणि २०१९ मध्ये नौदलाने हाताने ढकलायचे दांडे परत बसवायचं ठरवलं. फोक्सवॅगनने स्टिअरिंगवरची टच बटणं सोडून दाबायची बटणं आणायचं २०२२ मध्ये जाहीर केलं. युरो एनकॅप ही गाड्यांची सुरक्षा तपासणारी संस्था २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशा कामांना हाताने चालणारी नियंत्रणं असल्याचे गुण देते. लिफ्टचा धंदा गाड्यांपेक्षा सावकाश चालतो, तिथे हे वारं पोचायला वेळ लागेल.

सलग काचही हवी आणि खोटे स्पर्शही नकोत, असं म्हणणाऱ्यांसाठी मधला मार्ग आहे. काचेमागे दाब मोजणारा संवेदक बसवायचा. बोट कुठे आहे ते धारितेने सांगावं, दाबलं की नाही ते जोराने. दोघांचं एकमत झालं तरच कॉल, आणि बोटाला जाणवेल अशी बारीक थरथर. पीझो बटणं तर काच सोडाच, अखंड स्टीलच्या पत्र्यामागूनही दाब ओळखतात, पाण्याला भीत नाहीत आणि लायटरलाही दाद देत नाहीत. खर्च साध्या टचपेक्षा जास्त येतो. पूर्ण लिफ्टच्या किमतीत तो दिसतही नाही.

महाराष्ट्रात २०१७ च्या लिफ्ट, सरकते जिने आणि सरकते मार्ग अधिनियमाने १९३९ चा जुना मुंबई लिफ्ट कायदा मोडीत काढला. परवाना, नियतकालिक तपासणी या गोष्टी त्याखाली येतात. तपासणीचा भर साहजिकच दोर, ब्रेक, दाराचं लॉक यांवर असतो. आतलं पॅनेल कसं असावं हा निर्णय प्रत्यक्षात बिल्डर किंवा पुनर्विकास समिती कॅटलॉगमधला फोटो पाहून घेते, आणि करारात ‘टच पॅनेल, ब्रेलसह’ एवढंच लिहिलं जातं. त्याऐवजी चार ओळी जास्त लिहिल्या तर बरंच निभावेल. बटणाला २.५ न्यूटनपेक्षा कमी जोर चालणार नाही. ब्रेल बटणावर नाही, शेजारी. दोनदा दाबून कॉल रद्द करण्याची आणि वजनावरून कॉल पुसण्याची सोय चालू करून द्यावी. घंटेचं बटण दाबायचं आणि वेगळं. ज्यांच्याकडे टच पॅनेल आधीच बसलेलं आहे त्यांना सगळी लिफ्ट बदलावी लागत नाही. फक्त आतलं पॅनेल, ज्याला मेकॅनिक सीओपी म्हणतात, बदलता येतं, मात्र ते आणि कंट्रोलर एकमेकांशी कंपनीच्या खासगी भाषेत बोलत असतील तर ते त्याच कंपनीकडून, ती सांगेल त्या किमतीला घ्यावं लागतं. म्हणून वॉरंटी संपण्याआधी, एएमसीचा पहिला करार होतानाच हा दर लिहून मागावा.